‘बाई, गुणू की भागू?’

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सातवीत, सेमी इंग्लिशला. घटक चाचणीत गणितात २० पैकी ६. गंमत म्हणजे गृहपाठाची वही मात्र बरोबरच्या खुणांनी भरलेली. कारण शोधलं तर कळलं की साहेब गणिताचा फोटो काढतात आणि फोन सांगेल ते उतरवून काढतात. ताई स्वतः बारावी आर्ट्स, दहावीला गणितात कशाबशा सुटलेल्या. नवऱ्याचं म्हणणं, महिना हजार रुपये गेले तरी चालतील, क्लास लाव. ताई विचारतात, क्लास लावू का, आणि मला गणित येत नसताना घरी मी काय मदत करणार? सोबत चाचणीच्या पेपरचा फोटो आहे.

ताई, मी सव्वीस वर्षं पाचवी ते दहावीला गणित शिकवते आहे. क्लासचं नंतर बोलू, कारण पेपर पाहिल्यावर मला तो घाईचा प्रश्न वाटत नाही. तुमच्या मुलाची तीन गणितं मी पेन्सिल घेऊन बसून पाहिली. तिन्ही चुकली आहेत, पण चुकण्याचं कारण प्रत्येकाचं वेगळं आहे. ‘गणितात कच्चा’ हा एकच शिक्का मारला की ही कारणं त्याखाली झाकली जातात.

पहिलं गणित बेरीज-वजाबाकीचं, बैजिक राशींचं, म्हणजे एक्ससारखी अक्षरं असलेलं. पेपरात इंग्रजीत लिहिलंय, ‘सबट्रॅक्ट ७ एक्स फ्रॉम १२ एक्स.’ त्याने लिहिलं, ७ एक्स वजा १२ एक्स, उत्तर उणे ५ एक्स. गंमत बघा, वजाबाकी त्याने बिनचूक केली आहे. लहानातून मोठी संख्या गेली तर उत्तर ऋण येतं हेही त्याला पक्कं ठाऊक आहे. चुकलं काय, तर त्याने वाक्य डावीकडून उजवीकडे जसं आलं तसं मांडलं. आपण मराठीत ‘१२ मधून ७ वजा करा’ म्हणतो. बोलण्याचा क्रम आणि मांडणीचा क्रम एकच. इंग्रजीत जे वजा करायचं ते आधी येतं आणि ज्यातून करायचं ते नंतर. पहिली ते चौथी मराठीतून शिकून पाचवीला सेमीत आलेली कितीतरी मुलं इथे दोन-दोन वर्षं अडखळत राहतात, आणि कोणी त्यांना हे सांगत नाही, कारण शिक्षकाला वाटतं हे तर सोपं आहे. ‘५ लेस दॅन एक्स’ची तीच तऱ्हा. एक्स वजा ५ लिहायचं असतं, पोरं ५ वजा एक्स लिहितात. हे गणिताचं दुखणं नव्हे, भाषेचं आहे. उपायही भाषेचाच: गणित वाचल्यावर आधी ते मराठीत मोठ्याने सांगायचं, मगच पेन उचलायचं. याला तुम्ही पुरेशा आहात.

दुसरं गणित मला फार आवडलं, कारण त्यात तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणकार असाल. बारा मजूर एका शेताचं काम आठ दिवसांत करतात, तर सोळा मजूर तेच काम किती दिवसांत करतील? मुलाने उत्तर काढलं १० पूर्णांक २ तृतीयांश दिवस. म्हणजे बारांना आठ, तर एकाला ८ भागिले १२, आणि सोळांना त्याच्या सोळापट. भागाकार बरोबर, गुणाकार बरोबर, अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूपही दिलंय. कष्ट घेतलेत पोराने. फक्त चार बायका जास्त लावल्यावर भांगलण जवळजवळ पावणेतीन दिवसांनी लांबली.

आता त्याला जवळ बसवा आणि गणिताचं नावही न काढता विचारा, ‘आपल्या रानात बारा बाया लावल्या तर आठ दिवस लागतात. अजून चार बोलावल्या तर काम लवकर उरकेल की उशिरा?’ तो क्षणात सांगेल, लवकर. मग विचारा, ‘मग तुझं उत्तर आठापेक्षा मोठं कसं?’ एवढ्यावर गप्प बसायचं. सात-आठ सेकंद शांतता पडेल. ती पडू द्या. पुढची पायरीही रानातलीच आहे: बारा बाया आठ दिवस म्हणजे एकूण हजेऱ्या किती? शहाण्णव. काम तेवढंच, म्हणजे हजेऱ्याही शहाण्णवच लागणार. त्या सोळा जणींत वाटल्या की दिवस सहा. पुस्तकात याला व्यस्त प्रमाण म्हणतात, इंग्रजीतलं नाव आणखी अवघड. पण ज्या घरात रविवारी मुकादमाचा हिशेब होतो त्या घरातल्या पोराला हे नावाशिवाय येतं. वर्गात मात्र ते रान आणि हे गणित यांची कधी गाठच पडत नाही.

तिसरं गणित बघून मी थांबले. शाब्दिक उदाहरण होतं, रीत बरोबर मांडली होती, शेवटची वजाबाकी तेवढी राहिली होती: ५००४ वजा २६७८. त्याचं उत्तर ३६७४. हे उत्तर आकाशातून पडलेलं नाही. चारातून आठ जात नाहीत, म्हणून त्याने आठातून चार काढले. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातच लिहिले. पुढच्या शून्याखाली सहा. पाचातून दोन गेले, तीन. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचा असा त्याने स्वतःचा एक नियम बसवला आहे, आणि तो नियम त्याने इमानाने पाळला आहे. हा नियम तिसरी-चौथीपासून त्याच्या सोबत आला असणार. बहुतेक वेळा निभावून गेला असेल, मधे शून्यं आली की उघडा पडतो.

तेव्हा उसने घेण्याचा भाग सातवीच्या मुलाला पुन्हा शिकवावा लागेल, आणि त्यात लाज काहीच नाही. कागदाच्या खोट्या नोटांनी शिकवा. त्याच्याकडे पाच हजार आणि वर चार रुपये सुटे आहेत, दुकानदाराला २६७८ द्यायचेत, त्यातले आठ रुपये सुटे. दहाची नोट नाही, शंभराची नाही, म्हणून एक हजार मोडायचा. हजाराच्या नोटा उरल्या चार. मोडलेल्या हजारातून नऊ नोटा शंभराच्या, नऊ दहाच्या, आणि दहा रुपये सुटे. आता सुटे झाले चौदा. चौदातून आठ गेले सहा, नऊ दहांतून सात गेले दोन, नऊ शंभरांतून सहा गेले तीन, चार हजारांतून दोन गेले दोन. २३२६. शून्याच्या डोक्यावर नऊ का लिहायचा हे त्याला एकदा दिसलं की परत सांगावं लागत नाही. नुसतं ‘शेजारच्याकडून उसना घे’ म्हटलं तर तो म्हणणार, शेजारी तर शून्य आहे, त्याच्याकडे आहेच काय?

म्हणजे एकाच पेपरात एक चूक भाषेची, एक व्यवहाराशी तुटलेल्या नात्याची आणि एक चार वर्षांपूर्वीची. क्लासमध्ये या तिघींना एकच औषध मिळेल: आणखी वीस गणितं.

आता तुमच्या ‘मला गणित येत नाही’बद्दल. माझ्या घरचीच गोष्ट सांगते. माझी मुलगी पाचवीत होती. मी गणिताची बाई, त्यामुळे तिला मीच शिकवायचे. एकदा तिला एक उदाहरण दिलं तर ती म्हणाली, ‘गुणू?’ माझ्या कपाळावर आठी आली असेल. लगेच म्हणाली, ‘भागू?’ माझा चेहरा मोकळा झाला, आणि तिने भागाकार मांडला. उत्तर बरोबर आलं. त्या रात्री मला कळलं की ती उदाहरण वाचतच नव्हती, माझा चेहरा वाचत होती. ‘बाई, गुणू की भागू?’ हा प्रश्न मी वर्गात हजारदा ऐकला होता आणि हजारदा उत्तर दिलं होतं. विचारणाऱ्याला चार पर्याय ठाऊक असतात आणि चेहरा ओळखता येत असेल तर दोन प्रयत्नांत गणित सुटतं.

तुम्हाला उत्तर माहीत नाही, त्यामुळे तुमच्या चेहऱ्यावर काही दिसणार नाही. तुमच्यासमोर त्याला खरोखरच समजावून सांगावं लागेल. म्हणून तुम्ही भाकरी थापत असा नाहीतर भाजी निवडत असा, त्याला म्हणा, ‘मला वाचून दाखव. आता पुस्तक मिटून सांग, काय दिलंय, काय विचारलंय.’ पुस्तक मिटायला सांगायचं विसरू नका. उघड्या पुस्तकातून तो आकडे उचलतो, मिटल्यावर त्याला गोष्ट सांगावी लागते. माझ्या अंदाजाने दहातली चार गणितं इथेच सुटतात. उरलेल्यांत तुम्ही एकच विचारायचं: ‘कुठपर्यंत कळलं?’ ‘काहीच कळलं नाही’ हे उत्तर स्वीकारायचं नाही. एखादी ओळ तरी कळलेली असतेच. ती ओळ सापडली की त्याच्या पुढची ओळ म्हणजे अडलेली जागा. तिथे पेन्सिलने फुली करून ठेवायची.

एक सावधगिरी. आकडे तोंडी सांगताना जपा. तुम्ही ‘एकोणऐंशी’ म्हणाल आणि ‘ऐंशी’ ऐकून तो ८९ लिहील. त्याची चूक नाही. आपल्या मराठीत बासष्टमध्ये दोन आधी आणि साठ नंतर, एकोणसाठमध्ये तर पुढच्या दशकातून एक वजा करायचा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा हेच समजावून सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी मुलं गोंधळतात. मी स्वतः जुन्या नावांची आहे, एकुणसत्तर म्हटल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण सेमीच्या पोराशी बोलताना शंका आली की मी सरळ ‘सत्तर आणि नऊ, एकोणऐंशी’ असं म्हणते.

फोनचं काय करायचं? काढून घेऊ नका, तो मित्राकडे जाऊन फोटो काढेल. फोनचं उत्तर बहुधा बरोबर असतं, तेच तर संकट आहे. कधी रीत वेगळी असते: वर्गात एकमान पद्धत, म्हणजे आधी एकाचं काढून मग गुणायची रीत, शिकवलेली, फोन थेट समीकरण मांडतो, आणि मुलगा न कळता ते उतरवतो. कधी प्रश्नच वेगळा वाचला जातो आणि चुकीचं उत्तर इतक्या ठामपणे येतं की मोठी माणसंही फसतात. माझ्या वर्गात मी एक नियम चालू केलाय, तो तुम्हाला देते. आधी दहा मिनिटं स्वतः. त्यानंतर फोन उघडायचा, पण स्क्रीनवर वहीचा कागद आडवा धरून फक्त पहिली ओळ बघायची. फोन पालथा ठेवायचा, पुढचं स्वतः करायचं. पुन्हा अडलं तर दुसरी ओळ. ज्या ओळीला फोन बघावा लागला त्या ओळीसमोर वहीत ‘फो’ असं लिहायचं. चोरी नाही, नोंद आहे. आणि दुसऱ्या दिवशी तेच गणित आकडे बदलून फोनशिवाय करायचं. बारा मजुरांचे पंधरा करा, आठ दिवसांचे सहा, आणि विचारा नऊ मजुरांना किती. दहा दिवस आले तर कालचं गणित त्याचं झालं.

शाळेतल्या सरांशीही बोला, पण पालक सभेत ‘जरा लक्ष द्या’ असं म्हणून उपयोग नसतो. वर्गात साठ पोरं असली की ‘लक्ष द्या’चा अर्थ शून्य. पेन्सिलच्या फुल्या असलेलं पान घेऊन जा आणि म्हणा, ‘सर, याला उसने घेताना मधे शून्य आला की अडतं.’ एवढं नेमकं कळलं तर कोणताही शिक्षक मधल्या सुट्टीत पाच मिनिटं देतो. आणि हे काही उपकार मागणं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ शिक्षकाला सांगतं की प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवा. त्याच कायद्याचं कलम २८ शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला मनाई करतं. हा कायदा आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे, म्हणजे तुमचा मुलगा त्यात बसतो. कायद्याची भाषा सरांसमोर काढू मात्र नका. मी शिक्षिका आहे, आम्हाला ती आवडत नाही.

तरी क्लास लावायचाच असेल तर एकदा मागच्या बाकावर बसून या. फळ्यावर सर गणित सोडवतायत आणि चाळीस पोरं उतरवून घेतायत असं दिसलं तर तो क्लास म्हणजे मोठ्या आकाराचा फोनच, फक्त हजार रुपये महिना. पोरं सोडवतायत आणि सर वह्यांमधून फिरतायत असं दिसलं तर बिनधास्त पैसे भरा. मला विचाराल तर दोन महिने थांबा.

त्या दोन महिन्यांत करायचं ते फार नाही. बालभारतीची सगळ्या इयत्तांची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. तिसरी आणि चौथीचं मराठी माध्यमाचं गणिताचं पुस्तक घ्या, वजाबाकीची पानं तेवढी काढा. ‘मी सातवीत आहे, तिसरीचं कशाला’ असं तो म्हणेलच. म्हणून त्याला तिसरीचं पुस्तक न दाखवता कापरेकरांचं कोडं द्या. द. रा. कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर. त्यांचा ६१७४ हा आकडा जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा चार आकडी नंबर घ्यायचा, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावायचे, मग उलटे लावायचे, आणि वजाबाकी. आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच. समजा गाडी ४७०३. मग ७४३० वजा ०३४७, बाकी ७०८३. त्यातून ८७३० वजा ०३७८, बाकी ८३५२. त्यातून ८५३२ वजा २३५८, आणि आले ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च येतं. कुठलीही गाडी घेतली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथे पोचायलाच हवं. न पोचला तर वजाबाकी चुकली आहे, आणि ते त्याला तुम्ही सांगायची गरज नाही. माझ्या वर्गातली पोरं एस. टी. स्टँडवर उभी राहून हे करतात. उसने घेण्याचा याहून गोड सराव मला माहीत नाही.

आणि ताळा. हा शब्द आता शाळेत ऐकू येईनासा झालाय, पण तुमच्या आईला विचारा, तिला ठाऊक असेल. वजाबाकी झाली की उत्तरात खालची संख्या मिळवून वरची येते का बघायचं. ३६७४ मध्ये २६७८ मिळवले तर ६३५२ होतात, ५००४ नाही. वीस सेकंदांचं काम. चाचणीत एवढं केलं असतं तर ते एक उदाहरण हातचं गेलं नसतं. समीकरण सोडवलं की एक्सची किंमत परत घालून बघायची, मजुरांच्या गणितात उत्तर आठापेक्षा लहान यायला हवं की मोठं हे आधीच समासात लिहून ठेवायचं. पुढे दहावीला बोर्डात पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे नुसतं उत्तर उतरवण्याची सवय तिथे फार महाग पडते. कच्चं काम वेगळ्या कागदावर करून फेकून द्यायची सवय असेल तर तीही मोडा. पानाच्या उजव्या बाजूला रेघ मारून तिथेच करायला लावा. मला त्याची चूक सापडली ती त्या कच्च्या कामामुळेच. उत्तर एकट्याने काही बोललं नसतं.

रोज किती वेळ? अर्धा तास. चार गणितं. त्यातलं एक अडलं तर अडू द्या, रात्री तसंच ठेवून झोपायला सांगा. सकाळी दात घासताना पोरांना गणितं सुटतात, हे मी खूप पाहिलंय.

पेपरच्या फोटोत खालची बाजू कापली गेली आहे. तिथे अपूर्णांकांचं काहीतरी आहे, मला १/२ + १/३ = २/५ असं अर्धवट दिसतंय. तसं असेल तर त्याला रागावू नका, छेद समान करायचंही सांगू नका. जेवायला बसल्यावर त्याच्या ताटात अर्धी भाकरी वाढा, मग आणखी अर्धी वाढा आणि म्हणा, तुझ्या रीतीने बेरीज कर. वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि दोन चार. दोन चतुर्थांश, म्हणजे अर्धीच भाकरी. तो ताटाकडे बघून काय म्हणतो ते मला कळवा, पुढचं त्यावर ठरवू.